दोन ग्रॅममधले अकरा किलोमीटर

प्रयोगशाळेत वाढवलेल्या रॅट जातीच्या उंदराचा मेंदू भरतो दोन ग्रॅम. या दोन ग्रॅममध्ये सुमारे २० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या मध्यमेंदूत बसून डोपामीन बनवणाऱ्या पेशी मोजल्या, तर डावी-उजवी बाजू धरून ४५ हजारांच्या आसपास निघतात. म्हणजे दर साडेचार हजार पेशींमागे एक. माणसात त्या आणखी विरळ आहेत. आपल्या ८,६०० कोटी चेतापेशींमध्ये डोपामीनवाल्या चार ते सहा लाख, म्हणजे दर दीड-दोन लाखांमागे एक.

कोकेन, अ‍ॅम्फेटामीन, मेथॲम्फेटामीन ही उत्तेजक द्रव्यं मुख्यतः याच मूठभर पेशींच्या कारभारात ढवळाढवळ करतात आणि सगळं जनावर बदलून जातं. ते धावतं, हुंगतं, खाणं सोडतं, पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतं. इतक्या थोड्या पेशी इतक्या दूरवर कशा पोचतात आणि त्यांचं काम जिवंत मेंदूत आपल्याला दिसतं तरी कसं, हे आकड्यांवाटे पाहण्यासारखं आहे. ‘मोबाइल हातात घेतला की डोपामीन वाढतं’ यासारखी वाक्यं हल्ली सर्रास ऐकू येतात. किती वाढतं, कुठे, किती वेळ आणि ते कोणी कसं मोजलं, हे त्या वाक्यांत कुठेच नसतं. प्राण्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेली साठ-पासष्ट वर्षं याच प्रश्नांच्या उत्तरांसाठी घालवली आहेत.

आधी पोहोच पाहू. २००९ साली क्योटोमधल्या मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी एकेका डोपामीन पेशीचा पूर्ण माग काढायचं ठरवलं. त्यांनी एक विषाणू इतका पातळ करून टोचला की एखाद्याच पेशीला त्याची लागण व्हावी. लागण झालेली पेशी चमकणारं प्रथिन बनवते आणि ते तिच्या आवरणावर, तिच्या प्रत्येक धाग्यावर पसरतं. मग मेंदूचे पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि एका कापात तुटलेला धागा पुढच्या कापात शोधून जोडायचा. कापामागून काप, फाट्यामागून फाटा. एवढ्या कष्टांतून पूर्ण उतरल्या त्या आठच पेशी. पण त्या आठांनी या क्षेत्रातल्या लोकांची समजूतच बदलली. स्ट्रायाटम हा मेंदूच्या आतला, हालचाल आणि बक्षीस यांच्याशी बांधलेला भाग. तिथे एका पेशीच्या अक्षतंतूची, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या तारेची, सगळ्या फांद्यांसकट लांबी सरासरी ४७ सेंटिमीटर भरली. सगळ्यांत मोठ्या पेशीची भरली ७८ सेंटिमीटर.

मेंदूच मुळात दोन-अडीच सेंटिमीटर लांब. पेशीचा मूळ गोळा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्या गोळ्याला चार मीटरच्या खोलीएवढं मानलं, तर त्याच प्रमाणात सगळ्यांत मोठ्या पेशीची तार मुंबईहून निघून पुण्याला पोचेल. आणि ती सरळ जात नाही. उंबराच्या मुळांसारखी फुटत फुटत स्ट्रायाटमचा सरासरी २.७ टक्के भाग व्यापते. रॅटच्या एका बाजूच्या स्ट्रायाटममध्ये सुमारे २८ लाख मुख्य पेशी असतात. म्हणजे एका डोपामीन पेशीच्या टापूत ७५ हजार पेशी येतात. उलट्या बाजूने पाहिलं तर स्ट्रायाटममधली प्रत्येक पेशी एकाच वेळी शंभर ते दोनशे डोपामीन पेशींच्या टापूत असते.

आता गुणाकार करा. स्ट्रायाटमकडे तारा पाठवणाऱ्या सबस्टॅन्शिया नायग्रा या पट्ट्यात, दोन्ही बाजूंच्या मिळून, सुमारे २४ हजार डोपामीन पेशी. प्रत्येकीची तार सरासरी ४७ सेंटिमीटर. बेरीज होते ११ किलोमीटरच्या वर. दोन ग्रॅमच्या मेंदूत, हजारांत एकही नव्हे अशा अल्पसंख्य पेशींनी घातलेलं हे जाळं. ऑक्सफर्डमधल्या बोलम आणि पिस्सादाकी यांनी याच मापांवरून हिशोब मांडला, तेव्हा रॅटच्या एका पेशीवर डोपामीन सोडण्याच्या जागा १ लाख ते २ लाख ४५ हजार निघाल्या. माणसाच्या पेशीसाठी तोच हिशोब १० ते २४ लाख जागा आणि चार मीटरहून लांब तार असा येतो. एवढा पसारा जिवंत ठेवायला पेशीला किती ऊर्जा लागत असेल! पार्किन्सनच्या आजारात याच पेशी आधी का मरतात, याचं एक कारण हा खर्च असावा, असं त्या दोघांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

हे झालं तारांचं. त्या तारांमधून जे सुटतं ते आणखी चक्रावून टाकणारं आहे.

डोपामीनचा रेणू लहानसा, वजन १५३ डाल्टन. आठ कार्बन, अकरा हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. रॅटच्या दोन्ही स्ट्रायाटममधलं सगळं डोपामीन गोळा केलं तर एका मायक्रोग्रॅमच्या जवळपास, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढं भरेल. त्यातलं जवळजवळ सगळं तंतूंच्या आत, इवल्या पिशव्यांमध्ये कोंडलेलं. पेशींच्या बाहेरच्या द्रवात असतं ते फक्त पाच-दहा नॅनोमोलर. हा आकडा डोळ्यांपुढे यायला तो रेणूंमध्ये बदलावा लागतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर लांब, तितक्याच रुंद, तितक्याच उंच जागेत, शांत असताना, डोपामीनचे रेणू असतात तीन ते सहा.

दोन पेशींमधली फट याहूनही कितीतरी लहान. २० नॅनोमीटर जाडीची आणि ३०० नॅनोमीटर व्यासाची फट धरून हिशोब केला, तर शंभर-दोनशे फटी धुंडाळल्यावर एखाद्या फटीत एखादा रेणू सापडेल. मग पेशीकडून विद्युत संदेश येतो, एक पिशवी फुटते आणि सुमारे ३ हजार रेणू सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात बाहेर पडतात. जवळजवळ शून्यावरून तीन हजार! पुढच्या काही क्षणांत ते फटीतून बाहेर पसरतात, आसपासच्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतात आणि परत उठतात. मग डोपामीन ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन त्यांना तंतूच्या आत ओढून घेतं. एक ट्रान्सपोर्टर सेकंदाला जेमतेम काही रेणू आत नेतो. पण ट्रान्सपोर्टरच इतके असतात की सेकंदाभरात आवरासावर होते. निवांत पेशी सेकंदाला चारेक वेळा असा संदेश देते. काही अनपेक्षित, चांगलं समोर आलं की वेग २०च्या घरात जातो.

उत्तेजक द्रव्यांचा घाला नेमका या आवरासावरीवर पडतो. कोकेन ट्रान्सपोर्टरच्या तोंडात अडकून बसतं, त्यामुळे सुटलेलं डोपामीन बाहेरच रेंगाळतं. अ‍ॅम्फेटामीन त्याच दारातून आत शिरतं, पिशव्यांमधलं डोपामीन बाहेर काढतं आणि ट्रान्सपोर्टरला उलटं चालवतं. मग संदेश नसतानाही डोपामीन बाहेर येत राहतं.

मात्रेचा हिशोबही करून पाहावा. तीनशे ग्रॅमच्या रॅटला किलोमागे १ मिलिग्रॅम कोकेन दिलं, तर त्याच्या अंगात ०.३ मिलिग्रॅम गेलं. कोकेनच्या रेणूचं वजन ३०३ डाल्टन, म्हणून रेणूंची संख्या होते सहावर सतरा शून्यं. आपल्या भाषेत सहा लाख लाख कोटी. हे सगळे मेंदूत जात नाहीत, तरी प्रमाण कळावं म्हणून मेंदूतल्या २० कोटी पेशींनी भागून पाहिलं, तर दर पेशीमागे ३०० कोटी रेणू येतात. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या चिमटीत हे मावतं.

परिणाम किती? १९८८ साली सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात डी कियारा आणि इम्पेराटो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या रॅटच्या मेंदूत बारीक नळी ठेवून, बाहेरच्या द्रवातलं डोपामीन टप्प्याटप्प्याने मोजलं. माणसं ज्या द्रव्यांच्या आहारी जातात, ती न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्स या भागातलं डोपामीन विशेष वाढवतात, असं त्यांना दिसलं. कोकेनने ते तिपटी-चौपटीच्या घरात गेलं, अ‍ॅम्फेटामीनने दहापटीपर्यंत. चवदार खाण्याने होणारी वाढ अशा मोजणीत साधारण दीडपटीची असते. दीडपट आणि दहापट यांच्यातलं हे अंतर, पुढच्या सगळ्या चित्रणाच्या मुळाशी आहे.

चित्र काढायची सुरुवात मेलेल्या मेंदूपासून झाली. त्याआधी, १९५७ साली, स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन या औषधाने निपचित पडलेल्या सशांना डोपा, म्हणजे डोपामीनचं पूर्वरूप, टोचलं आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं, ते या वाटेवरच्या कामासाठी. पण डोपामीन मेंदूत नेमकं कुठे आहे? १९६२ साली फाल्क आणि हिलार्प यांनी त्यावर सुंदर युक्ती काढली. गोठवून सुकवलेल्या ऊतीला फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली की डोपामीन सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकू लागतं. १९६४ साली डाहलस्ट्रोम आणि फुक्से यांनी या चमकीचा माग घेत रॅटच्या मेंदूतल्या पेशींच्या गटांना ए-१ ते ए-१२ अशी नावं दिली. आजही शोधनिबंधांत ए-९, ए-१० असं लिहिलेलं दिसतं, ते तिथून आलेलं. मात्र ही चमक पाहायची तर प्राणी मारावा लागे. एका प्राण्याचं एकच चित्र, एकाच क्षणाचं. द्रव्य देण्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे त्याच प्राण्यात पाहायची सोय नव्हती.

ती सोय आली पेट स्कॅनने, आणि या लेखातले माझ्या मते सर्वांत अजब आकडे पेटचेच आहेत.

पेटमध्ये डोपामीन दिसतच नाही, हे पहिल्यांदा नीट समजून घ्यायला हवं. दिसतं ते रॅक्लोप्राइड नावाचं दुसरंच द्रव्य. ते डोपामीनच्या डी-२ ग्राहींवर जाऊन बसतं. १९८५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांनी रॅक्लोप्राइडमधल्या एका कार्बनच्या जागी किरणोत्सारी कार्बन-११ घालून ते माणसाच्या मेंदूत पाहिलं. डोपामीन वाढलं की ते ग्राहींवरच्या जागा अडवतं आणि रॅक्लोप्राइडला कमी जागा उरतात. म्हणजे चित्रातला उजेड जितका कमी झाला, तितकं डोपामीन वाढलं. आपण मोजतो ती घट.

कार्बन-११ची अर्धायु २० मिनिटं २४ सेकंद. फ्लोरीन-१८ची अर्धायु ११० मिनिटं असते, म्हणून ते जिथे बनतं त्या सायक्लोट्रॉनपासून गाडीने दुसऱ्या रुग्णालयात नेता येतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला, त्यानंतर आपल्याकडे ही ने-आण नेहमीची झाली. कार्बन-११ला असा प्रवास परवडत नाही. नायट्रोजनवर प्रोटॉनचा मारा करून तो बनवायचा, त्याचं रॅक्लोप्राइड तयार करायचं, शुद्ध करायचं आणि भिंतीपलीकडच्या खोलीत वाट पाहत असलेल्या प्राण्याला टोचायचं. एवढं होईतो पाऊण तास गेला, तर बनवलेल्यातलं पावहिस्साही हातात उरत नाही.

समजा एका रॅटला १० मेगाबेकरेल टोचले, म्हणजे सेकंदाला एक कोटी अणू फुटतील इतकं. अर्धायुवरून हिशोब काढला तर त्या इंजेक्शनमध्ये कार्बन-११चे अणू असतात सुमारे १,७७० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. वजन करा: ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. जगातला कुठलाही तराजू ते तोलू शकणार नाही, पण यंत्राला ते दिसतं. पहिल्या तासात त्यांतले १,५०० कोटींहून अधिक अणू फुटून जातात. साधारण १२ तासांनी शेवटचा अणू फुटलेला असतो. त्यानंतर रॅटच्या अंगात त्यातला एकही उरत नाही.

प्रत्येक फुटणारा अणू एक पॉझिट्रॉन सोडतो. तो सरासरी मिलिमीटरभर भटकतो, मग एका इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण अगदी विरुद्ध दिशांना निघतात. ते सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातात. भोवतालच्या स्फटिकांच्या कड्यात समोरासमोरच्या दोन स्फटिकांवर ते काही नॅनोसेकंदांच्या आत आदळले, तर यंत्र म्हणतं, घटना या दोघांच्या मधल्या रेषेवर घडली. अशा कोट्यवधी रेषा एकमेकींवर टाकून चित्र उभं राहतं. इतर बहुतेक किरण निसटून जातात, आणि टोचलेल्या रॅक्लोप्राइडपैकी स्ट्रायाटमपर्यंत पोचतं तेही अगदी थोडं.

माणसासाठी बनलेली यंत्रं उंदराच्या मेंदूला फार ढोबळ पडत. नव्वदच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपेट बनवलं आणि बारकावा दोन मिलिमीटरच्या जवळ आणला. मोठीच मजल. तरीही पाहा: रॅटच्या एका बाजूचं स्ट्रायाटम सुमारे ३३ घन मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटरचा ठिपका ८ घन मिलिमीटरचा. अख्ख्या स्ट्रायाटममध्ये चारच ठिपके मावतात. नंतरच्या यंत्रांनी ठिपका मिलिमीटरभरावर आणला असला, तरी एका घन मिलिमीटरात ८५ हजार मुख्य पेशी आणि डोपामीन सोडणाऱ्या चार ते नऊ कोटी जागा असतात. रंगीत चित्रातल्या एका लाल ठिपक्याकडे बोट दाखवून ‘इथे डोपामीन वाढलं’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा ते इतक्या जागांच्या सरासरीबद्दल बोलत असतं.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे काम पुढे नेलं. तिथे जोआना फाउलर आणि नोरा व्होल्को यांच्या गटाने १९८९ साली कोकेनच्याच रेणूत कार्बन-११ बसवून ते बबून माकडांच्या आणि माणसांच्या मेंदूत कुठे जातं ते पाहिलं. ते स्ट्रायाटममध्ये शिखरावर पोचतं काही मिनिटांतच आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत अर्ध्यावर येतं. चढ आणि उतार दोन्ही इतके वेगवान. स्टीफन ड्यूई यांनी तिथेच बबूनना अ‍ॅम्फेटामीन देऊन रॅक्लोप्राइडची घट मोजली. इतर ठिकाणी माकडांच्या मेंदूत बारीक नळी आणि बाहेरून स्कॅनर, अशा दोन्ही मोजण्या जोडून पाहिल्या गेल्या. नळीतलं डोपामीन अनेक पटींनी, कधी दहापटीहूनही जास्त वाढलेलं. चित्रातली घट मात्र १० ते २५ टक्क्यांची. डी-२ ग्राहींचा एक मोठा हिस्सा डोपामीनला सहज दाद देत नाही, म्हणून आतलं वादळ चित्रात एवढंसं दिसतं. चित्रात पाच टक्क्यांची घट दिसली तरी आत काहीतरी मोठं घडलेलं असू शकतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती चित्रं वाचता येतात.

आणखी एक अडचण होती. स्कॅनरमध्ये जनावर हलता कामा नये, म्हणून भूल द्यायची. पण भुलीचं औषधच डोपामीनच्या यंत्रणेत फेरफार करतं. शिवाय उत्तेजक द्रव्याचा परिणाम पाहायचा तर धावणारं, हुंगणारं जनावर हवं आणि समोर असतं झोपलेलं. ब्रुकहेवनच्या लोकांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी स्कॅनरच रॅटच्या डोक्यावर चढवला. आतला व्यास ३८ मिलिमीटर, बाहेरचा ८० मिलिमीटर असं कडं. त्यात बारा ठोकळे आणि प्रत्येकात ३२, असे ३८४ स्फटिक. एकेक स्फटिक दोन मिलिमीटरहून किंचित रुंद आणि पाच मिलिमीटर लांब. सगळ्याचं वजन २५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ रॅटएवढंच. ते वरून टांगून, दुसऱ्या बाजूला वजन लावून असं तोललेलं की रॅटच्या मानेवर भार येऊ नये. रॅटला आधी त्याची सवय करून द्यायची. मग तो डोक्याभोवती कडं घेऊन पिंजऱ्यात वळतो, मागच्या पायांवर उभा राहतो, नाक हलवतो. एकीकडे त्याची हालचाल टिपली जाते आणि त्याच वेळी रॅक्लोप्राइडची मोजणी चालू असते. २०११ साली हे काम प्रसिद्ध झालं. यंत्राने जनावराशी इतकं जुळवून घ्यावं, हे विज्ञानात फार कमी वेळा घडतं.

काळाचं मापही विसरून चालत नाही. बारीक नळीतला एक नमुना बराचदा वीस मिनिटांचा असतो. पिशवी फुटते सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात. या दोहोंत साठ लाख पटींचं अंतर आहे. मधली दरी भरून काढली ती सात मायक्रोमीटर जाडीच्या कार्बनच्या तंतूने. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा तो धागा मेंदूत ठेवून त्यावर सेकंदाला दहा वेळा विद्युतदाबाची लहर सोडतात आणि दर लहरीला डोपामीन मोजतात. २००३ साली या पद्धतीने दिसलं की कोकेनसाठी कळ दाबायला निघालेल्या रॅटच्या मेंदूत, कोकेन अंगात जाण्याआधीच, क्षणभर डोपामीन उसळतं. २०१८ साली पेकिंग विद्यापीठातल्या युलाँग ली आणि कॅलिफोर्नियातल्या लिन तियान यांच्या गटांनी स्वतंत्रपणे असे ग्राही घडवले, जे डोपामीन चिकटताच उजळतात. मेंदूत प्रकाशाचा तंतू बसवला की जागेपणी हिंडणाऱ्या उंदरातली ही चमक क्षणाक्षणाला टिपता येते. पेट मात्र संपूर्ण मेंदू एकदम पाहतं आणि तेही कवटीला धक्का न लावता. म्हणून ते मागे पडलेलं नाही.

आता ज्या आकड्यांवर माझा सर्वांत जास्त विश्वास बसतो, ते. ते लाखांत नाहीत, कोटींतही नाहीत. साधे दोन अंकी टक्के आहेत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर यांच्या गटाने २० नर मकाक माकडं दीड वर्ष एकेकटी ठेवली आणि त्यांच्या डी-२ ग्राहींचं चित्र घेतलं. मग चार-चारांचे गट केले. माकडांनी आपापसांत लवकरच उतरंड ठरवली: कोण आधी खाणार, कोण वाट सोडून बाजूला होणार. तीन महिन्यांनी पुन्हा चित्र घेतलं. गटात वरचढ ठरलेल्या माकडांचं मोजमाप २२ टक्क्यांनी वाढलेलं होतं. दबून राहणाऱ्यांमध्ये बदल नव्हता. एकटी असताना या दोघांत फरक दिसला नव्हता, म्हणजे जे घडलं ते सोबतीने आणि जागेने घडवलं. मग त्यांना कळ दाबून कोकेन घेण्याची मुभा दिली. दबलेल्या माकडांना कोकेनची ओढ लागली, वरचढ माकडांना लागली नाही. २००२ सालचा हा निष्कर्ष आहे. तोच रेणू, तीच जात, तशीच पिंजऱ्यातली रचना, आणि फरक एवढाच की शेजारचं माकड तुम्हाला बाजूला सरायला लावतं की तुम्ही त्याला. कोकेनच्या रेणूंचं काय होणार, हे त्यावर अवलंबून होतं.

केंब्रिजमध्ये जेफ्री डॅली, ट्रेव्हर रॉबिन्स आणि बॅरी एव्हरिट यांनी २००७ साली रॅटमध्ये दुसरी बाजू दाखवली. इशारा मिळेपर्यंत थांबायचं असताना काही रॅट थांबतच नाहीत, आधीच झेप घेतात. अशा उतावळ्या रॅटच्या न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्समध्ये डी-२ आणि डी-३ ग्राही कमी दिसले, आणि तेही कोकेनचा कणही अंगात जाण्याआधी. पुढे हेच रॅट कोकेन जास्त घेत गेले.

पेटचा मोठा उपकार असा की तोच प्राणी पुन्हा पुन्हा पाहता येतो. काप घेऊन पाहायचं, तर आठवड्याचं एक, महिन्याचं एक, वर्षाचं एक अशा प्रत्येक टप्प्याला प्राण्यांचा नवा गट मारावा लागतो. या प्राण्यांनी संमती दिलेली नसते. म्हणून त्यांच्यापैकी किती कमी लागले, हाही आकडा मला इतर आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि एकाच जनावरामागे वर्षं घालवली तरच दिसेल, असं काही त्यामुळे दिसलं. नेडर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ऱ्हीसस माकडांना स्वतः कोकेन घेऊ दिलं आणि आधी, मध्ये, नंतर असं वर्षानुवर्षं चित्रण केलं. ज्यांचे डी-२ ग्राही सुरुवातीला कमी दिसले, त्यांनी आरंभी कोकेन जास्त वेगाने घेतलं. घ्यायला लागल्यापासून एका आठवड्याच्या आत ग्राहींचं मोजमाप १५ ते २० टक्क्यांनी खाली आलं. वर्षभर कोकेन चालू राहिलं तरी ते त्याच्या फार खाली गेलं नाही, वीसच्या आसपास थांबलं. म्हणजे बहुतेक पडझड पहिल्या सात दिवसांतली. त्यानंतर कोकेन बंद केलं. काही माकडांमध्ये ग्राही पूर्ववत झाले. काहींमध्ये कोकेनचा एकही रेणू न मिळता वर्ष लोटलं, तरी स्कॅनरवरचा आकडा खालीच होता.